चौकडीतली चौथी

समोरच्या औषधांच्या दुकानाच्या भिंतीवर चार चेहरे चिकटवले होते, आणि चौथा तिचा नव्हता. दुपारचा डबा उघडता उघडता तिने सहज खिडकीतून खाली पाहिलं आणि झाकण हातातच राहिलं. मास्तरचं कपाळ आता पार टाळूपर्यंत गेलं होतं. टपालने दाढी राखली होती, तीही पांढरी. घोगऱ्या पूर्वीसारखाच, कोणीतरी नुकतंच झोपेतून उठवल्यासारखा बघत होता. आणि त्यांच्या शेजारी, मान किंचित तिरकी करून, पंचविशीची एक मुलगी. वर जाड अक्षरांत ‘चौकडी’, खाली बारीक अक्षरांत ‘अनेक वर्षांनी, नवा अल्बम’. पोस्टरचा खालचा कोपरा नीट चिकटला नव्हता, वाऱ्याने फडफडत होता, आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो हा, की कोपरा मुलीच्या बाजूचा आहे, फाटलाच तर आधी तीच फाटेल. मग तिला स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून विचार जात नाही. तो जरा सरकून बसतो इतकंच. तिने डबा तसाच बंद केला आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

या दवाखान्यात ती अठरा वर्षं लोकांचे कान तपासत होती. जाड भिंतींची, एकच काच असलेली एक छोटी खोली, आत खुर्ची, खुर्चीत कानांवर हेडफोन चढवून बसलेला माणूस, त्याच्या हातात बटण. काचेबाहेर ती. ती एकेक आवाज सोडायची, ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. सोपं काम. तरी माणसं इथेही लबाडी करायची. काही ऐकू आलेलं नसताना अंदाजाने दाबायची, तिच्या चेहऱ्याकडे बघून दाबायची. नापास व्हायला साठीतही कोणाला आवडत नाही. ती अशांना कधी रागावली नाही. हसून म्हणायची, “काका, मी आवाज सोडलाच नव्हता.” त्या दुपारी मात्र एका आजोबांना तिने तेच तीन वेळा ऐकवलं आणि तिच्या लक्षात आलं, की ते बरोबर दाबत होते, ऐकू येत नव्हतं ते तिलाच.

विशीत तिला सुरी म्हणत. नाव मास्तरने ठेवलं होतं. मास्तर तेव्हा शाळेत चित्रकला शिकवायचा आणि शाळा सुटल्यावर चित्रकलेच्या वर्गातच, कपाटावर दोन स्पीकर चढवून, ठोके बनवायचा. टपाल टपालखात्यात पत्रं वेगळी करायचा, त्याच्या तोंडातून शब्दही तसेच सटासट पडायचे, ज्याच्या त्याच्या खान्यात. घोगऱ्या टीव्ही दुरुस्त करायचा. त्याचा आवाज रिकामं पिंप ओढत नेल्यासारखा. आणि ती. रॅप म्हणजे काय हे घरी कोणाला धड सांगता यायचं नाही, आई म्हणायची, “भांडायचंच आहे तर घरात भांड, तिथे कशाला जातेस?” तिचं पहिलं गाणं तिने जिन्यात रचलं होतं. सहाव्या मजल्यावरचं घर, लिफ्ट कायम बंद, आई शिवायला घेतलेले कपडे घेऊन वर-खाली करायची आणि मागे ती. सहा मजले, साठ पायऱ्या, श्वास सोसत सोसत. सकाळ शिवली संध्याकाळला, शिळं सुख पोसत. सोळा ओळी, सगळ्या ‘स’ आणि ‘श’च्या. वर्गात पहिल्यांदा म्हटल्या तेव्हा टपालने खिडकी लावून घेतली, जणू ते बाहेर जाऊ द्यायचं नव्हतं. ‘जिना’ हे गाणं लोकांच्या तोंडी बसलं ते त्या सोळा ओळींमुळे. हे तिचं मत नव्हतं, सगळ्यांचंच होतं, आणि कदाचित तिथेच काहीतरी बिनसलं. दुसऱ्या अल्बमच्या वेळी मास्तरने तिची दोन कडवी कापली. “जागा नाही,” म्हणाला. तिने बॅग उचलली आणि निघून आली. तिला वाटलं होतं, चार दिवसांनी कोणीतरी येईल. टपाल तरी येईल. आठवडा गेला, महिना गेला. रुसलेल्या माणसाला समजवायला कोणी आलंच नाही, की तो रुसवा राहत नाही, त्याचं वळण होतं आणि पुढे सगळं आयुष्य त्या वळणाने जातं. ती शिकली, कानाच्या कामात पडली, लग्न केलं, मुलगी झाली. चौकडीने तिच्याशिवाय आणखी दोन अल्बम केले, चौकडी म्हणवत तिघांनीच केले, आणि मग चौकडीच मोडली. मोडली हे कळलं त्या दिवशी तिने घरी सगळ्यांना आइसक्रीम आणलं होतं. कशाबद्दल, हे नवऱ्याने विचारलं नाही.

आता मात्र त्यानेच विषय काढला. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. बायकोच्या जिन्याच्या गाण्यावर आणि स्वतःच्या धंद्यावर त्याचा एक जुना विनोद होता, तो त्याने या वेळी केला नाही यावरून तिला कळलं, की त्यानेही पोस्टर पाहिलंय. “अगं, एखादा फोन तरी करायला हवा होता त्यांनी,” तो म्हणाला. “कशाला?” ती म्हणाली, “मी काय त्यांची देणेकरी आहे?” हे उत्तर कुठेच बसत नव्हतं, पण तो चांगला माणूस होता, त्याने ते चालवून घेतलं. चांगल्या माणसासमोर हेवा करणं फार अवघड जातं. तो समजूत घालतो, आणि हेव्याला समजूत नको असते, त्याला साथ हवी असते. ती साथ नणंदेने दिली. फोनवर म्हणाली, “वहिनी, ती नवी पोरगी काही खास नाही हं. नुसती दिसायला.” तेवढ्या एका वाक्यावर तिचे दोन दिवस बरे गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी यादीत चौथं नाव मास्तरचं होतं, त्याचं शाळेच्या हजेरीपटावरचं पूर्ण नाव. तिला वाटलं दुसरा कोणी असेल. दार उघडून तो आत आला, तिला पाहून थबकला नाही, म्हणजे ठरवूनच आला होता. “सुरी,” म्हणाला आणि खुर्चीवर बसला. बावीस वर्षांनी पहिला शब्द तो, आणि तिला राग आला तो याचा, की तिच्या अंगावर काटा आला. “काय होतंय?” बाकी सगळ्यांना विचारायची त्याच आवाजात तिने विचारलं. “काही नाही. बायको म्हणते मी ऐकत नाही. सगळ्यांच्याच बायका म्हणतात. पण परवा नातीने कानात काहीतरी सांगितलं, आणि मी हसलो. ती म्हणाली, आजोबा, यात हसायचं काय होतं?” तिने त्याला आत बसवलं, दार लावलं. काचेपलीकडे तो लहान दिसत होता. जाड आवाज त्याला छान ऐकू येत होते. ती बारीक आवाजांकडे वर वर सरकत गेली तसा त्याचा अंगठा मंदावला, मग थांबला. ती आवाज वाढवत होती आणि तो समोर बघत शांत बसला होता, आज्ञाधारक. कागदावरची रेघ सरळ चालत आली आणि कड्यावरून पडावी तशी खाली गेली. आणि त्या क्षणी तिला आनंद झाला. तो इतका साधा, इतका स्वच्छ आनंद होता की तिने तो ओळखलासुद्धा नाही. पेन धरलेला हात हलका झालेला पाहून तिला कळलं.

“वरचे, बारीक आवाज गेलेत,” तिने त्याला सांगितलं. “पंचवीस वर्षं स्पीकरला डोकं लावून बसलास. ‘स’, ‘श’, ‘फ’ हे तुला नीट ऐकू येत नाहीत. मशीन लागेल, दोन्ही कानांना.” त्याने त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, “अल्बम होईपर्यंत नको. मशीन लावलं की सगळंच वेगळं ऐकू येणार, अर्ध्यात कान बदलून कसं चालेल? गाण्यातले आवाज जुळवताना शेवटचा हात माझाच असतो, तुला माहीत आहे.” “दुसऱ्या कोणाला तरी ऐकव.” “कोणाला? टपाल सगळ्याला बरं म्हणतो. घोगऱ्याला आपलाच आवाज बरा वाटतो. आणि हे मी कोणाला सांगितलेलं नाही, सुरी. तू तर कोणाला सांगू शकत नाहीस, तुझं कामच तसं आहे.” तो जरा पुढे वाकला. “रविवारी दुपारी ये. एकदा ऐक. तू बरोबर म्हणालीस तर बरोबर.” बावीस वर्षांनी बोलावणं आलं होतं, आणि ते तिच्या आवाजाला नव्हतं.

तरी ती गेली. घरी तिने मैत्रिणीकडे जाते असं सांगितलं. स्टुडिओ एका छापखान्याच्या मागे होता, जुन्या कागदाचा आणि शाईचा वास येणारा. टपालने तिला बघून दोन्ही हात पसरले आणि मग ते कुठे ठेवायचे हे न कळून खिशात घातले. घोगऱ्या म्हणाला, “जाड झालीस,” आणि तेवढ्याने तिला जरा बरं वाटलं, कारण ते खरं होतं. मुलगी कोपऱ्यातल्या स्टुलावर पाय वर घेऊन बसली होती; उठून उभी राहिली. “ताई, मी सातवीत होते, तेव्हा तुमच्या सोळा ओळी पाठ केल्या होत्या,” ती म्हणाली. “आईने वहीत त्या बघितल्या आणि मला वाटलं मार बसतोय, तर तीच म्हणायला लागली.” मुलगी नम्र होती. तिच्यात नाव ठेवायला जागाच नव्हती, हे फार वाईट झालं. उर्मट असती तर सगळं किती सोपं गेलं असतं. मास्तरने नवा ‘जिना’ लावला. आधी टपाल, मग घोगऱ्या, दोघेही म्हातारे झाले होते आणि ते लपवत नव्हते, त्यांच्या ओळींत आता दम लागत होता आणि तो दम गाण्याला शोभत होता. मग ती मुलगी आली. सहा मजले, साठ पायऱ्या. तिने पायऱ्या एका दमात चढून टाकल्या नव्हत्या. ती प्रत्येक मजल्यावर थांबत होती, जिथे आई खरंच थांबायची तिथेच, पिशवी या हातातून त्या हातात घ्यायला. हे त्या मुलीला कोणी सांगितलं असेल? सुरी स्वतः तेव्हा धावत सुटली होती, वयच तसं होतं. या मुलीने त्या ओळींमध्ये सुरीच्याच आईला पाहिलं होतं, सुरीनेच न पाहिलेलं. तिला वाटलं, आपल्या घरात आपल्याआधी कोणीतरी जाऊन, दिवा लावून बसावं, तसं.

आणि तिला ते ऐकू आलं. प्रत्येक ‘स’ टोचत होता. प्रत्येक ‘श’ काचेवर पत्रा ओढल्यासारखा. मास्तरला जे ऐकू येत नव्हतं ते त्याने ऐकू येईपर्यंत वर चढवलं होतं. दोन बटणं जराशी खाली घेतली असती तर संपलं असतं. कडवं होतं तसं, सुरेख, उघडं झालं असतं. मुलगी जणू तिचं मन वाचल्यासारखी म्हणाली, “ताई, माझा आवाज वर जरा बोचतो का हो? मी सरांना म्हणते आहे कधीची.” मास्तर हसला. “हिला आपलाच आवाज सहन होत नाही. होतं असं सुरुवातीला.” मग तो सुरीकडे वळला. खोलीत सगळेच तिच्याकडे बघत होते. बावीस वर्षांत इतकी माणसं एकदम तिच्या तोंडाकडे बघत थांबली नव्हती. “नाही,” ती म्हणाली. “बरोबर आहे. धार हवीच.” मास्तरचे खांदे सैल झाले. मुलीने मान डोलावली, लगेच विश्वास ठेवला. परत येताना बसमध्ये तिने स्वतःला समजावलं, की मत विचारलं, मत दिलं. ज्याचं त्याचं मत. पण ते मत नव्हतं. तिच्यापुरतं तरी ते मोजता येणारं, कागदावर रेघ काढून दाखवता येणारं खोटं होतं, आणि ती रोज आठ तास तेच तर पकडत होती.

अल्बम आला त्या आठवड्यात ती वाट बघत होती. कोणीतरी लिहील, कान दुखतात म्हणून. एकाने लिहिलंही, ‘आवाज कानात घुसतो’. ते वाचून तिची नजर खाली सरकली तर पुढची ओळ होती, ‘आणि बाहेर येत नाही, हेच त्याचं सामर्थ्य.’ लोकांना ते आवडलं. जुन्या मंडळींनी जुन्या चौकडीसाठी घेतला आणि नव्या पोरांनी त्या टोचणाऱ्या ‘स’साठी. स्वागतकक्षातली मुलगी फोन ठेवता ठेवता “शिळं सुख” म्हणायची ते दातांतून हवा सोडून. घरी तिची मुलगी आरशासमोर उभी राहून तसंच करत होती. “आई, ‘सोसत सोसत’ असंच म्हणायचं ना? तू तर चपटं म्हणायचीस, मी जुनं ऐकलं.” चपटं. तिने कांदा चिरायचा थांबवला नाही. जे बिघडवायला गेली त्याची फॅशन झाली होती, आणि सगळ्यांच्या तोंडी तिच्या ओळी होत्या, आणि एकाही तोंडात ती नव्हती. असं तिला वाटलं, दोनच दिवस. मग मुलीने फोन पुढे केला, “आई, हे बघ, तुझं नाव.” अल्बमच्या माहितीत शेवटी, वादक आणि छापखान्याच्या मालकाच्याही खाली, एक ओळ होती: ‘कान – सुरी’. नवऱ्याने ते दोनदा वाचलं, त्याला भरून आलं. “बघ,” म्हणाला, “विसरले नव्हते.” ती न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बसून राहिली. शिवी दिली असती तर तिने पचवली असती. हे पचणारं नव्हतं.

मास्तर कबूल केल्याप्रमाणे मशीन लावायला आला, सकाळी अकराला, इस्त्रीचा शर्ट घालून, लग्नाला निघाल्यासारखा. “आता कान बदलायला हरकत नाही,” म्हणाला. तिने त्याच्या कानांमागे दोन्ही यंत्रं बसवली, तारा जोडल्या, संगणकावर त्याची ती कड्यावरून पडणारी रेघ उघडली. रेघ जिथे पडत होती तिथे आधार द्यायचा, एवढंच काम. किती द्यायचा ते तिच्या हातात होतं. थोडा कमी दिला तर तो आतासारखाच ऐकेल, जरा मोठ्याने इतकंच. त्याचा अल्बम त्याला जन्मभर छान वाटेल. नातीचं कानातलं बोलणं मात्र पुन्हा निसटेल. ती पडद्याकडे बघत बसली. माणसं म्हणतात मोह पडतो; तिला जाणवलं की मोह पडत नाही, तो सोय म्हणून शेजारी येऊन बसतो आणि आपली खुर्चीसुद्धा स्वतः आणतो. तिने आधार दिला, जितका लागत होता तितका, एका टिंबाचाही फरक न करता, आणि यंत्रं सुरू केली.

तो दचकला. तिने टेबलावरचा कागद चुरगाळला, त्याने वळून बघितलं. बाहेर कोणाच्या तरी चपला घासत गेल्या, तेही त्याने ऐकलं. “घड्याळ वाजतंय?” त्याने विचारलं. “कधीपासून?” “कायमच.” तो लहान मुलासारखा हसला, तोंडाने ‘स… स…’ करून बघितलं. मग त्याने फोन काढला. तिने थांबवायला हवं होतं असं नाही, पण हात टेबलाखाली एकमेकांत घट्ट धरले. ‘जिना’ सुरू झाला. टपाल. घोगऱ्या. मास्तर डोळे मिटून मान हलवत होता, चित्रकलेच्या वर्गात हलवायचा तसा. मग मुलगी आली, आणि पहिल्याच ‘सहा’वर त्याचा हात कानाकडे गेला. त्याने डोळे उघडले. आणखी दोन ओळी तो तसाच ताठ बसला, मग गाणं थांबवलं. “हे जरा कमी कर,” यंत्राला हात लावत तो म्हणाला. “फार बोचतंय.”

नव्या यंत्राने सगळ्यांनाच पहिल्या दिवशी बोचतं. ती रोज दहा जणांना सांगायची, सवय होईल. तेच सांगितलं असतं तर ते खोटंही ठरलं नसतं, पुरतं.

“मशीन बरोबर आहे,” ती म्हणाली.

त्याला कळायला थोडा वेळ लागला. त्याने फोनकडे बघितलं, मग तिच्याकडे. “तुला तेव्हा ऐकू आलं होतं?”

“हो.”

“मग?”

“ती माझ्या जागेवर होती, मास्तर. आणि माझ्यापेक्षा चांगली होती.” हे वाक्य बाहेर पडल्यावर तिला वाटलं होतं तसं काही झालं नाही. छत पडलं नाही. मोकळंही वाटलं नाही. फक्त घड्याळ वाजत होतं, आणि आता ते दोघांनाही ऐकू येत होतं. मास्तर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो पूर्वी फार ओरडायचा. आता त्याने फक्त गुडघ्यावर हात ठेवले. “ती महिनाभर सांगत होती,” म्हणाला. “मी म्हटलं, तुझे कान कच्चे आहेत. सगळ्यांसमोर म्हटलं. त्यानंतर ती रेकॉर्डिंगला येताना दारातच थांबायची, आत येऊ का विचारायची.” त्याने फोन बाजूला ठेवला. “तुझी कडवी कापली तेव्हा जागा होती. तुला ते माहीत असेलच.” तिला माहीत नव्हतं. तिला नेहमी वाटत आलं होतं, पण वाटणं वेगळं. तिने वाट बघितली, तो आणखी काही म्हणेल म्हणून. मग तिच्या लक्षात आलं की तिला आता ते ऐकायचंही फारसं राहिलेलं नाही. बावीस वर्षं ज्या उत्तरावर ती बसून होती, ते हातात आलं तेव्हा ते इतकंच होतं.

“तिचा नंबर दे,” ती म्हणाली.

“मी सांगतो तिला.”

“नाही. तू तुझं सांग. मी माझं सांगते.”

त्याने नंबर लावून, स्पीकर चालू करून फोन तिच्यापुढे सरकवला. घंटा तीन वेळा वाजली. बाहेर स्वागतकक्षातल्या मुलीने पुढच्या माणसाला थांबायला सांगितलं. “बोला सर,” पलीकडून आवाज आला, आणि नुसत्या त्या दोन शब्दांतही तो आवाज इतका मोकळा, इतका तरुण होता की तिला पुन्हा, त्या क्षणीसुद्धा, हेवा वाटला, पहिल्या दिवशीइतकाच. तो जाणार नव्हता. त्याला घेऊनच बोलावं लागणार होतं.

“सर नाही, मी बोलतेय. सुरी.”

“ताई?” मुलगी गडबडली. मागे कुठेतरी काहीतरी पडल्याचा आवाज आला. “तुम्ही? मला वाटलंच नव्हतं तुम्ही कधी… सांगा ना ताई.”

“त्या रविवारी तू मला एक विचारलं होतंस,” ती म्हणाली. “तुझं बरोबर होतं. मी खोटं बोलले.”

पलीकडे मुलगी गप्प झाली. मास्तर खुर्चीत जरा पुढे सरकला; ते गप्प होणंही त्याला आता नीट ऐकू येत असावं. “का, ताई?” मुलीने विचारलं, अगदी हळू आवाजात, आणि इकडे सुरीने खुर्ची टेबलाजवळ ओढली व पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.